बिऱ्हाडाचं घोडं

तेलगाव सोडलं की रस्ता बालाघाटाच्या कड्याला भिडतो आणि वळणं घेत धारूरच्या पठारावर चढतो. गोदावरीचं खोरं खाली राहतं, वर आल्यावर पाणी मांजरेकडे वळतं. तीन बाजूंना दऱ्या असलेला किल्ला इथे 1567 च्या सुमारास आदिलशाहीचा सरदार किश्वरखान याने बांधला. पुढे तो निजामशाहीकडे गेला आणि 1631 मध्ये मोगलांनी घेतला. या हस्तांतरांच्या कथेत तलवारी पुष्कळ आहेत, पण घाटातून धान्याची पोती कुणी चढवली हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. 1631 हे तर दख्खनच्या भीषण दुष्काळाचं वर्ष. दाभोळ, गोव्याच्या बंदरांतून येणारा अरबी घोडा दिमाखदार खरा, पण त्याला तोबरा भरून चंदी लागते. करडावर आणि वाळलेल्या गवतावर भागवून चढणीला न धापता चालणारं जनावर वेगळं होतं. त्याला आपण तट्टू म्हणत आलो, आणि शब्दात थोडी हेटाळणीही मिसळत आलो. भाडोत्री माणसाला ‘भाडोत्री तट्टू’ म्हणणारी भाषा आपलीच.

त्या तट्टूला 2024 च्या आरंभी सरकारदरबारी नाव मिळालं. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने ‘भीमथडी’ ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदवली. काठियावाडी, मारवाडी, मणिपुरी, स्पीती, झांस्कारी, भूतिया आणि कच्छी-सिंधी यांच्या पंगतीत हे आठवं पान. भीमथडी म्हणजे भीमेच्या काठचा मुलूख. पुणे जिल्ह्यात एके काळी त्या नावाचा तालुकाच होता. यावर एक आक्षेप हमखास येतो: शतकानुशतकं अरबी, तुर्की रक्त मिसळलेल्या घोड्याला शुद्ध जात कसं म्हणायचं? पण मिसळ कोणत्या जातीत नाही? जात ठरते ती मिसळीनंतर झालेल्या निवडीने. पिढ्यान् पिढ्या एकाच कामासाठी, एकाच हवापाण्यात जनावर निवडलं गेलं की बांधा आणि स्वभाव ठरून जातो.

ही निवड केली मेंढपाळांच्या वाड्यांनी, म्हणजे मेंढरांबरोबर फिरणाऱ्या बिऱ्हाडांनी. मेंढरं घेऊन पुरुष पुढे जातात. बिऱ्हाड लादलेली घोडी बहुधा बायका हाकतात. पाठीवर भांडी, अंथरूण, वाघर, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी त्या सगळ्याच्या वर चिमुरडं पोर. असं ओझं घेऊन चालताना बुजणारं, लाथ झाडणारं घोडं कितीही देखणं असलं तरी वाड्याच्या कामाचं नाही; ते विकलं जाणार, त्याची वीण पुढे चालणार नाही. बुटकेपणाचंही तेच. घोडं ठेंगणं, तर ओझं चढवायला दुसऱ्या माणसाचा हात लागत नाही, आणि उतरणीला तोलही सुटत नाही. म्हणजे ज्या गरिबीला आपण काटकपणा म्हणतो आणि ज्या शांतपणाला गरीब स्वभाव, ते दोन्ही कामाने घडवलेले गुण आहेत. माझा मुद्दा एवढाच, की काम गेलं तर गुणही जातील. जत्रेत नाचवण्यासाठी पैदास सुरू झाली तर दोन-चार पिढ्यांत उंची वाढेल, ऐट येईल, नावही भीमथडीच राहील. पण घोडं दुसरंच असेल.

इथेच घोडं पेंड खातं. पिकअप गाडी आली, आता घोड्याचं काम काय, असं व्यवहारी माणूस विचारणार, आणि त्याचं चूक नाही. 2012 ते 2019 या सात वर्षांत देशातली घोडे-तट्टूंची संख्या सव्वासहा लाखांवरून साडेतीन लाखांच्या आत आली, ती उगाच नव्हे. डांबरी रस्त्यावर गाडीशी स्पर्धा नाहीच. पण मेंढरं डांबरावर चरत नाहीत. बालाघाटाच्या उतारावर, ओढ्याच्या काठाने, नांगरट झालेल्या रानातून बिऱ्हाड न्यायचं तर आजही चार पायच लागतात. भीमथडीची नोंद प्रामुख्याने पश्चिमेकडच्या जिल्ह्यांतली, मग धारूरने तिची चिंता का वाहावी, असंही म्हणता येईल. उत्तर भूगोलात आहे: तोच पर्जन्यछायेचा प्रदेश, तसेच खडकाळ उतार, तीच चाऱ्याची ओढ.

या डोंगरातल्या सीताफळाला ‘बीडचं सीताफळ’ म्हणून 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. झाड उतारावर उभं राहतं, त्याला नावाची पाटी पुरते. चालत्या वाड्याच्या घोड्याला वाट लागते, आणि चराऊ रानं कुंपणात गेली की ती तुटते. पशुगणनाही पूर्वी गाव-घर धरूनच व्हायची. मुक्काम हलवत राहणाऱ्याची जनावरं तीत वेगळी दिसत नसत. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या एकविसाव्या पशुगणनेत पहिल्यांदाच भटक्या पशुपालकांची आणि त्यांच्या जनावरांची स्वतंत्र नोंद घ्यायचं ठरलं. मुहूर्त दिवाळीचा, म्हणजे नेमका वाडे वाटेला लागण्याचा.