हत्यारांनाही घर हवे!

सायकलची साखळी उतरली आहे. शाळेची वेळ होत आली आहे. पाना हवा आहे, आणि तो नेमका सापडत नाही! मग खिळ्यांचा डबा जमिनीवर उपडा होतो, आईची शिवणाची पेटी उचकली जाते आणि शेवटी पाना मिळतो तो कपाटामागे, तांबूस गंज चढलेला. बालमित्रांनो, हा प्रकार बहुतेक घरांत घडतो. हत्यारे नीट ठेवणे ही नुसती टापटिपीची गोष्ट आहे, असे आपल्याला वाटते. पण तिच्यामागे शास्त्र आहे आणि कधीकधी तिच्यावर माणसांचे प्राणही अवलंबून असतात.

६ डिसेंबर २०२३ रोजी अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे ‘ए-३८०’ जातीच्या एका दुमजली प्रवासी विमानाच्या इंजिनाची तपासणी झाली. इंजिनाचा आतला भाग हाताने फिरविण्यासाठी नायलॉनचे सव्वा मीटर लांबीचे एक हत्यार वापरले होते. ते इंजिनातच राहिले! त्यानंतर त्या विमानाने ३४ उड्डाणे केली, सुमारे २९४ तास ते आकाशात होते. १ जानेवारी २०२४ रोजी पुढच्या तपासणीत ते हत्यार वाकड्यातिकड्या स्थितीत सापडले. सुदैवाने अपघात झाला नाही. एखादे हत्यार परत आले नाही, तर शोध पूर्ण झाल्याशिवाय विमान सोडायचे नाही, असा नियम असतो. त्या दिवशी तो पाळला गेला नव्हता, असे ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा मंडळाला चौकशीत आढळले.

अवकाशात तर हत्यार हातातून सुटले की संपलेच. १८ नोव्हेंबर २००८ रोजी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाबाहेर काम करताना हायडमारी स्टेफानिशिन-पायपर या अंतराळवीर महिलेची हत्यारांची पिशवी तरंगत दूर निघून गेली. पिशवीत ग्रीस सांडले होते, ते पुसण्याच्या गडबडीत हे घडले. पिशवी दोरीने अडकवलेली नव्हती. कित्येक महिने ती पृथ्वीभोवती फिरत राहिली आणि २००९ साली वातावरणात शिरून जळून गेली.

मग हत्यार हरवले आहे, हे झटकन कळावे कसे? यासाठी विमानदुरुस्तीच्या कारखान्यांत एक साधी युक्ती करतात. फळीवर प्रत्येक हत्याराची बाह्याकृती रंगवतात आणि त्या आकृतीवरच ते हत्यार टांगतात. काम संपल्यावर फळीकडे एक नजर टाकली, की रिकामी आकृती लगेच डोळ्यांत भरते. वीस वस्तू मोजण्यापेक्षा एक रिकामी जागा ओळखणे आपल्या डोळ्यांना फार सोपे जाते.

आता दुसरा शत्रू पाहू. तो म्हणजे गंज. लोखंड, प्राणवायू आणि पाणी ही तीन एकत्र आली की गंज तयार होतो. यांतले एक जरी दूर ठेवले, तरी गंजणे थांबते. हवा काही आपण दूर करू शकत नाही, म्हणून पाण्याला अडवायचे. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली, की लोखंडावर ओलाव्याचा अतिशय पातळ थर बसतो आणि गंजणे वेगाने सुरू होते. कोकणात पावसाळ्यात आर्द्रता याहून कितीतरी जास्त असते! शिवाय आपल्या घामात मीठ असते. मिठामुळे गंजण्याची क्रिया आणखी जलद होते. म्हणून काम झाल्यावर हत्यार कोरड्या फडक्याने पुसावे आणि त्यावर यंत्राच्या तेलाचा पातळ हात फिरवावा. खाण्याचे तेल वापरू नये, ते काही दिवसांनी चिकट होते व त्यावर धूळ बसते. ॲल्युमिनियमवर बसणारा थर खालच्या धातूचे रक्षण करतो, पण लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो. तो खवले होऊन सुटतो आणि खालचे नवे लोखंड उघडे पडते. म्हणूनच गंज वेळीच घासून काढायला हवा.

तिसरी गोष्ट धारेची. कानस अतिशय कठीण पोलादाची असते, पण कठीण वस्तू ठिसूळही असते. चार कानशी एका डब्यात खडखडत ठेवल्या, तर एकीचे दाते दुसरीचे दाते तोडतात. पटाशी, करवत आणि कानस यांना वेगळे खण द्या किंवा जाड कापडात गुंडाळून ठेवा.

घरी अशी फळी करायची आहे? जुनी फळी घ्या. हत्यारे तिच्यावर मांडून पाहा. रोज लागणारी हाताच्या उंचीवर, क्वचित लागणारी वर आणि जड हत्यारे खाली. का? २ मीटर उंचीवरून पडणारा हातोडा जमिनीला टेकताना त्याचा वेग ताशी सुमारे २२ किलोमीटर असतो! पायावर पडला तर? मग पेन्सिलीने आकृत्या काढून रंगवा आणि मोठ्या माणसांच्या मदतीने खिळे ठोका. फळी न्हाणीघराच्या ओल्या भिंतीला लावू नका. नट, बोल्ट व स्क्रू काचेच्या बरण्यांत ठेवा, म्हणजे न उघडताच आतले दिसेल.

आणि एक प्रयोग करून पाहा. सारखे तीन नवे खिळे घ्या. एक कोरडा ठेवा, दुसऱ्याला तेल लावा, तिसरा मिठाच्या पाण्यात बुडवून काढा. तिन्ही खिडकीत ठेवून रोज पाहा आणि वहीत नोंद करा. कोणता खिळा आधी गंजला? आठवडाभरात तुमच्या घरच्या हत्यारांची पेटी उघडून पाहायला तुम्ही स्वतःच धावाल!