चादर निसटते ती इंचांमुळे

सकाळी चादर बोळा होऊन पायथ्याशी सापडली की घरात दोष येतो झोपेत लोळणाऱ्यावर. खरं कारण बहुतेकदा टेप लावून मोजलं की कळतं. डबल बेडची साधी चादर आपल्याकडे सर्रास ९० बाय १०० इंचांची मिळते. गादी ७२ बाय ७८ इंचांची आणि ६ इंच जाड असेल, तर नुसती रुंदी आणि दोन्ही कडा झाकायलाच ८४ इंच कापड जातं. खोचायला दोन्ही बाजूंना उरतं जेमतेम तीन-तीन इंच. सुती चादर धुतल्यावर ३ टक्के जरी आटली, तरी त्या सहा इंचांतले पावणेतीन गेले! कापसाच्या ४ इंची गादीला हीच चादर नीट बसते. १० इंची गादीला ती कडेपर्यंतही पुरत नाही. म्हणून चादर घेताना रंगाआधी माप बघावं. १०८ बाय १०८ची चादर ६ इंची गादीखाली रुंदीच्या बाजूंनी बारा-बारा इंच जाते, आणि मग ती सहसा हलत नाही.

खोचलेलं कापड धरून ठेवतं ते गादीचं वजन. माणूस कडेवर बसला की फोम दबतो, कापड आत ओढलं जातं. तो उठला की गादी पूर्ववत होते, पण ओढलेलं कापड परत जात नाही. तीच सुरकुती. दिवसभरात दहा वेळा असं झालं की कोपरा बाहेर.

परिचारिकांना प्रशिक्षणात कोपऱ्याची जी घडी शिकवतात, ती इथे फार कामाची आहे. आधी पायथ्याची बाजू गादीखाली सरळ खोचायची. मग कोपऱ्यापासून साधारण हातभर अंतरावर चादरीची लोंबती कड उचलून गादीवर ठेवायची. तिथे त्रिकोण तयार होतो. खाली लोंबणारा भाग आत सारायचा, त्रिकोण खाली सोडायचा आणि तोही खोचायचा. कापडाचे थर एकमेकांवर दाबले जातात, त्यामुळे एका बाजूने ओढ आली तरी कोपरा सुटत नाही. चारदोन वेळा केलं की हाताला सवय होते, आणि खर्च काहीच नाही.

ज्यांना घडीचा कंटाळा, त्यांच्यासाठी इलॅस्टिकची चादर आहे. अमेरिकेत बर्था बर्मन यांना १९५९ साली अशा बसत्या कोपऱ्यांच्या चादरीचं पेटंट मिळालं. मात्र इथेही गादीची जाडी न बघता घेतलेली चादर मध्यरात्री टपकन सुटते.

चादर घट्ट असूनही सरकते तेव्हा खालचा थर तपासावा. रेक्झिनचं किंवा प्लॅस्टिकचं गुळगुळीत कव्हर आणि त्यावर सॅटिन, म्हणजे पकड कुठेच नाही. मधे एक जाड सुती थर घातला की बराच फरक पडतो. थर जागच्या जागी ठेवण्याचा सर्वांत पक्का उपाय मात्र गोधडीत आहे. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक पसरून कच्च्या टाक्यांनी धरायची आणि मग सगळ्या थरांतून धावदोरा घालत जायचं. अंगाखाली वर्षानुवर्षं चुरगळली तरी आतलं कापड गोळा होत नाही, याचं श्रेय त्या शेकडो बारीक टाक्यांना. पिंजारीही गादीला आरपार टाके घालतो ते कापूस एका जागी जमू नये म्हणूनच.

घरात अंथरुणाला खिळलेला माणूस असेल, तर ही नुसती टापटिपीची बाब राहत नाही. माकडहाड, खुबे, टाचा यांच्याखाली रुतणारी सुरकुती कातडीला इजा करते आणि तिथे जखम होऊ शकते. उशाकडची बाजू फार उंच केली की रुग्ण हळूहळू खाली घसरतो. कातडी चादरीला चिकटून राहते आणि आतलं हाड पुढे सरकतं. म्हणून शक्य असेल तेव्हा उशाचा कोन ३० अंशांच्या आत ठेवतात. रबरी शीट घातली तर तिच्यावर कंबरेखाली एक आडवी सुती चादर अंथरून दोन्ही बाजूंनी नीट खोचावी. रुग्णाला वर घेताना तीच चादर सोडवून दोघांनी दोन बाजूंनी धरावी आणि त्याला उचलून वर घ्यावं, फरफटत ओढू नये.

हवेच्या गादीचा नियम वेगळा. तिच्यातल्या नळ्या आळीपाळीने फुगतात आणि बसतात, त्यामुळे अंगावरचा दाब जागा बदलत राहतो. तिच्यावर चादर ताणून बांधली तर रुग्ण त्या ताणलेल्या कापडावरच तोलला जातो आणि नळ्यांचा उपयोग घटतो. इथे चादर सपाट हवी, पण सैल. मायेपोटी घरचे तिच्यावर गोधडी आणि दोन चादरी अंथरतात. रुग्णाला मऊ लागावं एवढीच त्यांची इच्छा असते. पण प्रत्येक जादा थर त्या गादीचं काम कमी करतो. रुग्णाखाली एकच सुती चादर पुरे, आणि गोधडी त्याच्या अंगावर घालावी.