अनुभव नसताना पहिली नोकरी

तिरुनीलक्कुडीचे असोत वा साताऱ्याचे, शालान्त परीक्षेनंतर अर्धवेळ काम शोधणाऱ्या मुलामुलींना प्रथम विचारले जाते, ‘अनुभव काय?’ याचे एक उत्तर तिरुनीलक्कुडीनजीकच्या कुंभकोणममध्ये सापडते. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन तेथील टाऊन हायस्कूलमधून १९०४ मध्ये उत्तीर्ण झाले; महाविद्यालयीन परीक्षेत मात्र अपयश आले. पुढे शिकवण्या करीत, गणिताच्या वह्या दाखवीत त्यांनी नोकरी शोधली. फेब्रुवारी १९१२ मध्ये मद्रास पोर्ट ट्रस्टकडे केलेल्या अर्जात त्यांनी शिक्षण अपुरे राहिल्याचे लपविले नाही. प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्र सोबत होते. १ मार्चपासून ते दरमहा ३० रुपयांवर कारकून म्हणून रुजू झाले.

अनुभवाची उणीव आजही अशीच भरून निघते : खरी माहिती, केलेल्या कामाचा नमुना आणि शिक्षकांचे दोन शब्द. लहान मुलांच्या शिकवण्या, दुकानातील हिशेब ही प्रारंभास योग्य कामे होत. अठरा वर्षांखालील मुलांना धोक्याची कामे कायद्याने निषिद्ध आहेत. दहा वर्षांवरील मुलास बँकेच्या नियमांच्या अधीन राहून स्वतःचे बचत खाते चालविता येते. पहिले वेतन त्यात जमा झाल्यास कमाईची नोंद राहते आणि बचतीची सवयही जडते.