शून्याच्या जागी ‘ओ’

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर चित्र उमटेपर्यंत आत काय चालते? प्रथम एक छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नेल, स्मृतीत आणून ठेवतो आणि सूचनांची एक ओळ त्याच्या हवाली करतो. कोणती डिस्क वापरायची, किती स्मृती वापरायची, अशा त्या सूचना. ही ओळ माणसालाही बदलता येते. आणि माणूस म्हटला की चूक आलीच!

लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली सुरू केलेले लिनक्स हे कर्नेल घेऊ. त्यात ‘पॅनिक=१०’ असे लिहिले, तर न सावरणारा बिघाड झाल्यावर यंत्र १० सेकंद थांबते व पुन्हा सुरू होते. समजा, शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ हे अक्षर पडले. आकडे वाचण्याची जुनी पद्धत अशी, की अंक नसलेले अक्षर दिसताच थांबायचे आणि तोवर वाचलेले खरे मानायचे. म्हणजे १० चा झाला १, तोही बिनबोभाट! २०११ साली आलेली पद्धत कडक आहे. सबंध शब्द आकडाच हवा, शिवाय ठरल्या मर्यादेत बसणारा हवा. एरवी तो नाकारला जातो.

मग चूक दिसताच यंत्रच का थांबवू नये? एका अक्षरापायी संगणक सुरूच झाला नाही, तर दुरुस्ती तरी कशी करणार? शिवाय कर्नेलला अनोळखी असलेला शब्द पुढच्या प्रोग्रॅमसाठीही असू शकतो. म्हणून तो पुढे धाडला जातो. मात्र २०२१ पासून अशा शब्दांची नोंद कर्नेल आपल्या संदेशांत करते.

खरा धोका गप्प राहण्यात आहे. २०१८ च्या जानेवारीत ‘मेल्टडाउन’ व ‘स्पेक्टर’ हे प्रोसेसरमधील दोष जाहीर झाले. त्यांच्यामुळे एका प्रोग्रॅमला दुसऱ्याची गुपिते चोरता येत. त्यांवरील उपाय एकत्र हाताळण्यासाठी २०१९ मध्ये ‘मिटिगेशन्स’ ही सूचना आली. तिच्यात अधिक कडक संरक्षण मागताना स्पेलिंग चुकले, तर नेहमीचेच संरक्षण राही. मागणाऱ्याला मात्र पत्ता नसे. त्याच वर्षी तेथे इशारा जोडला गेला.

जवळपास लिनक्सचा संगणक असेल, तर ‘प्रॉक’ डिरेक्टरीतील ‘सीएमडीलाइन’ ही फाइल उघडून पाहा. सुरुवातीला दिलेली ओळ तेथे दिसते, चुकांसकट.