जंगलालगतच्या झोपडीतील वीज : आधी चाचणी, मगच भरवसा

साकोली, प्रतिनिधी : साकोलीहून पिटेझरीच्या वाटेला लागले, की थोड्याच वेळात नागझिऱ्याचे जंगल सुरू होते. १९७० मध्ये अभयारण्य घोषित झालेला हा परिसर २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाला. जंगलाच्या कडेला रानडुकरांपासून धान राखण्यासाठी शेतकऱ्यांना रात्री जागावे लागते. तेथे दिवा ही चैन नसते. पायाखालचा साप दिसणे त्यावर अवलंबून असते. वाघांच्या भ्रमणमार्गात विजेच्या तारा वाढविणेही धोक्याचे. नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्यास गेलेल्या ‘जय’ वाघाचा बछडा ‘श्रीनिवास’ २०१७ मध्ये नागभीड परिसरात विजेच्या धक्क्यानेच मृत्युमुखी पडला होता. अशा ठिकाणी लहान सौर संच हा उत्तम पर्याय ठरतो; मात्र तो बसविण्यापूर्वी पारखून घ्यायला हवा.

गरज किती?
प्रथम हिशेब मांडावा. ९ वॅटचे ३ एलईडी दिवे ५ तास, ३० वॅटचा बीएलडीसी पंखा ८ तास आणि २ मोबाइलचे चार्जिंग धरल्यास रोज सुमारे ४०५ वॅट-तास वीज लागते. इन्व्हर्टरमधील घट धरता हा आकडा ४८० च्या आसपास जातो. शिवाय इन्व्हर्टर स्वतःही वीज खातो. रिकामा असताना १० वॅट घेणारा इन्व्हर्टर गरज नसताना १२ तास चालू राहिला, तर १२० वॅट-तास वाया जातात.

बॅटरीवर १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास असे लिहिलेले असते. गुणाकार १८०० वॅट-तास येतो. पण शिसे-आम्ल बॅटरी रोज निम्म्याहून अधिक रिकामी केल्यास तिचे आयुष्य घटते. म्हणजे हाताशी ९०० वॅट-तास, अर्थात जेमतेम दोन रात्रींची बेगमी.

चाचणी कशी घ्यावी?
बॅटरी पूर्ण चार्ज करून पॅनेल काढून ठेवावे. काही तासांच्या विश्रांतीनंतर मल्टिमीटरवर सुमारे १२.७ व्होल्ट दिसायला हवेत. मग ६० वॅटचा भार लावून वेळ मोजावी. नवी १५० अँपिअर-तासांची बॅटरी निम्म्यावर यायला सुमारे १२ तास लागायला हवेत. भार काढून पुन्हा विश्रांती दिल्यावर १२.२ व्होल्ट म्हणजे साधारण निम्मी बॅटरी उरली, असे समजावे. ही पातळी ७-८ तासांतच आली, तर बॅटरी सदोष किंवा जुनी असण्याचा संभव आहे. अनेक इन्व्हर्टर १०.५ व्होल्टच्या आसपास बंद होतात, तोवर बॅटरी जवळपास रिती झालेली असते. म्हणून केवळ या कट-ऑफवर विसंबू नये.

पॅनेलची कसोटी ऋतूंमध्ये लागते. स्वच्छ उन्हाचे ५ तास धरले, तर २०० वॅटचे पॅनेल घट वजा जाता ७०० वॅट-तास देते. पावसाळ्यात हे उत्पादन निम्म्यावर येऊ शकते. मग ४८० ची गरज भागत नाही. मे महिन्यातही निर्धास्त राहता येत नाही. पॅनेल ६५ अंशांपर्यंत तापल्यास त्याची क्षमता सुमारे १६ टक्क्यांनी घटते. वृक्षांची सावली पडत नाही ना, हेही सकाळ-संध्याकाळ पाहावे.

सुरक्षितता
बॅटरीजवळ फ्यूज हवाच. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन वायू निघतो. म्हणून बॅटरी झोपण्याच्या जागेपासून दूर, हवेशीर व सावलीच्या जागी ठेवावी आणि तीत केवळ डिस्टिल्ड पाणी भरावे. लिथियम फॉस्फेट बॅटरीची ८० टक्के क्षमता वापरता येते आणि पाणी घालावे लागत नाही. परंतु सुरुवातीचा खर्च अधिक आहे.

संचाची खरी परीक्षा सलग तीन ढगाळ दिवसांनंतरच्या रात्री होते. त्या रात्री पंखा बंद ठेवून किमान एक दिवा पहाटेपर्यंत जळेल, एवढी तजवीज आधीच करून ठेवणे शहाणपणाचे.