राखण : भयावरचा लोकमार्ग

अलीकडे ‘नकारात्मक ऊर्जा’ हा शब्दप्रयोग वारंवार कानी पडतो. पेडणे-डिचोलीच्या लोकभाषेत दृष्ट होती, बाधा होती. आणि त्यांच्यासमोर उभा असा एक भारदस्त शब्दही होता : राखण. गावाची शीव सांभाळणारा देव तो राखणदार. ही राखण शब्दांतून आणि आचारांतून कशी घडते, एवढेच येथे पाहू.

तिन्हीसांजेला घरोघरी म्हटली जाणारी रामरक्षा हे ‘कवच’ प्रकारातील स्तोत्र आहे. मस्तकापासून पावलांपर्यंत एकेका अवयवाचा उच्चार करून त्याचे रक्षण मागितले जाते. भयाने विखुरलेले चित्त या क्रमाने सावरते.

देवापुढे घातले जाणारे गाऱ्हाणे हेही एका अर्थी कवचच. मात्र त्यातील देह साऱ्या गावाचा असतो. एकजण लेकराबाळांसाठी, गुराढोरांसाठी, परमुलखी गेलेल्यांसाठी मागणे मागतो आणि जमलेले ‘व्हय महाराजा’ म्हणून साथ देतात. येथे भाषेच्या अभ्यासकाचे लक्ष एका सर्वनामाकडे जाते. आपल्या माणसांचा उल्लेख स्पष्ट असतो. वाईट चिंतणारा मात्र बहुधा ‘कोणी’ एवढाच राहतो. शिवाय आपल्याच चूकभुलीची क्षमाही मागितली जाते. म्हणजे भयाला वाट मिळते, पण शेजाऱ्यावर आळ येत नाही.

तिसरी वाट व्रताची. डिचोली तालुक्यातील शिरगावच्या लईराईचे धोंड जत्रेपूर्वी सोवळे पाळतात, मत्स्याहार व मांसाहार वर्ज्य करतात आणि होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून चालतात. तेथील बळ संयमातून येते. तथापि, २०२५ सालच्या जत्रेत चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले. श्रद्धेने मन खंबीर होते. गर्दीच्या वाटा मात्र माणसांनीच मोकळ्या ठेवायच्या असतात.

हा विवेक सुटला की राखणीचेच भय होते. दुखण्याचे कारण म्हणून एखाद्या विधवेकडे किंवा भावकीतल्या माणसाकडे बोट दाखवून पैसे उकळणारा गावाची राखण करीत नाही, तो गाव फोडतो. शेजारच्या महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला, तो अशाच अनुभवांतून.

म्हणून मुलांना रामरक्षा अवश्य शिकवावी, गाऱ्हाणेही ऐकवावे. ताप आला तर आधी डॉक्टरांकडे न्यावे, मग खुशाल दृष्ट काढावी. आणि कोणी ‘हे अमक्याने केले’ असे सांगू लागला, तर गाऱ्हाण्यातल्या त्या ‘कोणी’ची आठवण ठेवावी.