वाळवंटी रणभूमीवरील सैनिकाचा दिनक्रम आणि पाण्याचा प्रश्न

युद्धाचा इतिहास बहुधा लढायांच्या क्रमाने लिहिला जातो. सैनिकाचे आयुष्य मात्र लढायांनी भरलेले नसते. त्याचे बहुतेक दिवस पहारा, गस्त, शस्त्रांची निगा, अन्नपाणी आणि प्रतीक्षा यांतच जातात. हा दिनक्रम म्हणजे युद्धाच्या मुख्य कथेबाहेरचा किरकोळ तपशील होय, अशी एक समजूत रूढ आहे. वाळवंटी युद्धाच्या बाबतीत ती टिकत नाही. इराकच्या अन्बार प्रांतात २००४ ते २०१० या काळात तैनात असलेल्या अमेरिकन मरीन सैनिकांचे उदाहरण या दृष्टीने बोधप्रद आहे.

अन्बारचे मुख्य शहर रमादी हे युफ्रेटिस नदीकाठी वसलेले आहे. हा प्रदेश भारतीय सैनिकांस अपरिचित नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियाच्या मोहिमेत मराठा पलटणी लढल्या होत्या, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कुत येथे शरण गेलेल्या पुणे डिव्हिजनमध्येही त्या होत्या. पुढे जुलै १९१७ मध्ये ब्रिटिश-भारतीय फौजेने रमादीवर पहिला हल्ला केला. तो फसला, आणि त्या फौजेच्या एकूण हानीपैकी निम्म्याहून अधिक हानी शत्रूच्या गोळ्यांनी नव्हे, तर उष्म्याने व तहानेने झाली. उन्हाचा कडाका ओसरल्यावर, सप्टेंबरच्या अखेरीस, १५व्या भारतीय डिव्हिजनने ते शहर जिंकले. त्या काळी उन्हाळा हा स्वतंत्र शत्रूच होता, असे म्हणावयास हरकत नाही.

नव्वद वर्षांनंतरही रमादीचा उन्हाळा तोच होता. पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाई. गस्तीचे पथक सामान्यतः तेरा जणांचे असे: चौघांच्या तीन तुकड्या आणि एक नायक. प्रत्येकाच्या अंगावर संरक्षक पत्रे बसविलेले जाकीट, शिरस्त्राण, रायफल व दारूगोळा असे. कोणाजवळ बिनतारी यंत्र व त्याचे विद्युत्घट असत. हा भार प्रसंगी ४५ किलोग्रॅमच्याही पुढे जाई. त्यात पाण्याची भर पडे. एक लिटर पाण्याचे वजन एक किलोग्रॅम, आणि अशा उन्हात कष्ट करणाऱ्या माणसास दिवसाकाठी दहा लिटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे जे पाणी त्यास जगवी तेच त्यास थकवी. थकव्याने घाम वाढे आणि घामाने पाण्याची गरज वाढे.

गस्तीवरून परतल्यावरही काम संपत नसे. पिठासारखी बारीक धूळ रायफलीच्या सांध्यांत शिरे. तेल अधिक लावले तर धूळ चिकटे आणि कमी लावले तर यंत्र अडे. म्हणून शस्त्रे रोजच्या रोज साफ करावी लागत. तयार शिध्याच्या एका पाकिटातून सुमारे १,२५० कॅलरी मिळत. ते अन्न गरम करण्याच्या रासायनिक पिशवीतही थोडे पाणी ओतावे लागे. लहान ठाण्यांवर आंघोळीविना आठवडे जात, आणि विष्ठा इंधन ओतून जाळावी लागे. अल असदसारख्या मोठ्या तळावर मात्र वातानुकूलित भोजनगृहे व उपाहारगृहेही होती. त्यामुळे एकाच सैन्यात दोन जीवनपद्धती निर्माण झाल्या, आणि त्यांच्यामध्ये थट्टेच्या आड लपलेला खरा दुरावा होता.

बाटलीबंद पाण्याच्या मुबलक पुरवठ्यामुळे १९१७ चे संकट पुष्कळ अंशी टळले. तथापि ते नाहीसे झाले नाही. ते केवळ रस्त्यावर गेले. पाणी, अन्न आणि वीजयंत्रांचे इंधन मालमोटारींच्या तांड्यांनी दूरवरून आणावे लागे, आणि रस्त्यात पुरलेले सुरुंग हे त्या युद्धातील सर्वांत घातक शस्त्र ठरले. ठाण्यावरील सैनिक बाटली उघडी, तेव्हा तिच्यामागे दुसऱ्या कोणीतरी पत्करलेला धोका असे. शिवाय हाच रस्ता अन्बारच्या नागरिकांचाही होता. तांड्याजवळ येणारी प्रत्येक गाडी संशयास्पद ठरे. प्रथम इशारा, मग इशाऱ्याची गोळी, आणि तरीही गाडी न थांबल्यास प्रत्यक्ष गोळीबार, असा क्रम असे. त्यात निरपराध माणसेही मरण पावली. तहानेचे संकट अशा रीतीने तहानेशी संबंध नसलेल्यांच्या माथी आले.

ही गोष्ट सेनाधिकाऱ्यांच्या ध्यानात आली नव्हती असे नाही. अन्बारमधील सेनापती रिचर्ड झिल्मर यांनी २००६ मध्ये सूर्य व वारा यांपासून वीज निर्माण करणारी साधने तातडीने मागितली. इंधनाच्या खेपा घटल्या तर माणसे वाचतील, हा त्यांचा युक्तिवाद होता. अमेरिकन लष्कराच्या एका संस्थेने २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने त्यास आकड्यांचा आधार दिला: २००७ या वर्षी अफगाणिस्तानात इंधनाच्या सरासरी दर २४ तांड्यांमागे एक माणूस मृत वा जखमी झाला होता. पुढे २०१० मध्ये अफगाणिस्तानच्या हेलमंड प्रांतात संगीन येथे पाचव्या मरीन रेजिमेंटच्या तिसऱ्या पलटणीतील एका कंपनीने सौर पत्रे वापरून पाहिले, आणि इंधनाचा व विद्युत्घटांचा पुरवठा बराच कमी करता आला. परंतु त्याच तैनातीत त्या पलटणीचे २५ जण मृत्युमुखी पडले. पायवाटांत पुरलेल्या स्फोटकांवर सौर पत्र्यांचा उपाय चालण्यासारखा नव्हता. धातुशोधक यंत्र घेतलेला एक जण पुढे चाले, आणि बाकीचे त्याच्या पावलांवर पाऊल ठेवून मागे जात.

यावरून असे दिसून येते की, पुरवठ्याची व्यवस्था निसर्गाचे संकट नष्ट करीत नाही; ती त्याची जागा व त्याचे धनी बदलते. १९१७ मध्ये तहानेची किंमत तहानलेल्यानेच दिली. २००६ मध्ये ती मालमोटार हाकणाऱ्याने आणि त्या रस्त्याने आपल्या कामास निघालेल्या नागरिकानेही दिली. म्हणून वाळवंटी युद्धाच्या अभ्यासकाने सैनिकाच्या दिनक्रमास तळटीपेत ढकलणे योग्य नव्हे. युद्धाचा खर्च कोणावर पडला, याचा शोध तेथूनच सुरू होतो.